अर्धी दाढी

वीज गेली तेव्हा माझी अर्धीच दाढी कोरून झाली होती.
बिरुकच्या हातातल्या यंत्राची घरघर थांबली
आणि तिच्याखाली इतका वेळ दबलेलं गाणं
एकदम दुकानभर झालं.
काचेच्या पेल्यात उभा केलेला फोन,
पेल्यातून वर येणारी कुणी पोरगी:
ये ना, ये, उशीर झाला तरी ये,
दार लोटलेलंच आहे, ये.
एवढंच. अकरा वेळा. मी मोजलं.
गोंदरात गेलेली वीज तासभर येत नाही,
आणि अर्ध्या दाढीनं रस्त्यावर कुठे जाणार?

"कसं वाटतं, मरिगेता?" बिरुकनं विचारलं.
"सगळं मेण," मी म्हटलं. "आत काही ओतलेलंच नाही. अर्थ काय याला?"
"आहे की. ती त्याला ये म्हणतेय."

आमच्या शाळेला भिंती नव्हत्या.
देवळामागे थडग्यांच्या मधे गवताच्या खोपी,
अंगावर मेंढीचं कातडं,
दुपारी दारोदार भाकरीची हाक, पोटरीमागे कुत्री,
आणि रोज संध्याकाळी गुरूंपुढे एक नवी रचना. तोंडपाठ.
सोनार आधी मेणाची बांगडी करतो, गुरू सांगत,
तिच्यावर माती लिंपतो, भाजतो.
मेण वाहून जातं, त्या पोकळीत सोनं उतरतं.
शब्दाचं तसंच.
जुन्यांनी वासनासुद्धा अशीच ओतली:
विहीर म्हणायची,
आणि तहान भलतीकडची.

मी बावीस वर्षांचा. अझेझोच्या वाटेवर एक घर होतं.
ती इंजेऱ्याची घडी करून द्यायची, चौकोनी, रुमालासारखी,
दुसऱ्या हातात कुत्र्याची मान.
नाव वोर्केनेश. म्हणजे, तू सोनं आहेस.
आता असं नाव समोर उभं असताना
माझ्यासारख्यानं काय करावं?

सात दिवस घडवली.
देवळाची भाषा सोडून तिच्या बोलीत, तिला कळावी म्हणून.
वरून सगळी देवळातल्या मढवलेल्या पेटीची स्तुती,
आणि शेवटी एकच शब्द, जो नाव होता
आणि नाव नव्हता.
कुठे सांधा दिसत नव्हता.
दारात उभं राहून मी म्हटली. तिनं मन लावून ऐकली.
शेवटच्या शब्दाला तिनं ओ दिली.
"ओ. आणखी हवी का?"

जन्मभर सगळे तिला तेच म्हणत आलेले.
आई दळायला बसवताना, भाऊ पाणी मागताना,
शेजारीण विस्तव न्यायला आली की कुंपणापलीकडून:
तू सोनं आहेस, तू सोनं आहेस.
तिनं प्रत्येकाला ओ दिली होती.
मलाही दिली.

मी आणखी एक घडी घेतली आणि निघालो.

मेस्केरेममध्ये ती लग्न होऊन बहिर दारला गेली,
नवऱ्याची मालमोटार होती.
गुरूंना मी ती रचना ऐकवली.
ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "निर्दोष."
त्या एका शब्दावर मी एकोणचाळीस वर्षं शिकवलं.

गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं.
उंबऱ्यावर भाजलेलं जव विकणारी बाई
मापटं भरता भरता सोबत गात होती,
गिऱ्हाईकाकडे सरळ बघून. लाज नाही, घाई नाही.
यमक लंगडं आहे. दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त.
पुढच्या तिम्कतपर्यंत कुणाला आठवणार नाही हे गाणं,
आणि माझी रचना अजून दोन शिष्यांना पाठ आहे.
दोघांनाही ती पेटीची स्तुती वाटते.

"मग," मी बिरुकला विचारलं, "आला का तो?"
"कोण?"
"ज्याला ती बोलावतेय."
"ते गाण्यात नाही, मरिगेता. गाणं तिथेच संपतं."

वीज आली. यंत्र उरलेल्या गालाशी घरघरू लागलं,
खाली कुठेतरी ती अजून दार लोटून बसलेली.
बिरुकनं दोन बोटांनी माझी हनुवटी धरली.
"हलवू नका," तो म्हणाला.
"काय?"
"ओठ."